सांगोल्याचे डाळिंब, कोलकात्याची नोंद : दोन संगणकप्रणाली जोडताना माहितीसंरचना व एंडपॉइंट यांची आखणी

२८ डिसेंबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला येथून देशातील शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालमधील शालिमार स्थानकाकडे रवाना झाली. शालिमार हे हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा शहरात असून नदीपलीकडे कोलकाता आहे. डाळिंब, द्राक्षे, संत्री, सीताफळ, कांदा, ढोबळी मिरची, शेवगा असा विविध माल त्या एकाच गाडीतून पूर्व भारतात गेला. मालाची वाट अशी जुळली, तरी मालासोबत जाणारी माहिती आजही पुष्कळदा वही, दूरध्वनी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेली पावतीची छायाचित्रे यांच्या आधारेच प्रवास करते.

अलीकडे अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या खरेदी, प्रतवारी, साठवण व देयके यांसाठी सॉफ्टवेअर वापरू लागल्या आहेत. मोठ्या शहरांतील घाऊक खरेदीदारांकडे तर साठा, हिशेब व वितरण एकत्र सांभाळणारी ईआरपी प्रणाली असते. या दोन प्रणाली परस्परांशी थेट बोलू लागल्या की तीच माहिती दोनदा टंकित करावी लागत नाही आणि शेतकऱ्याला देयकाची स्थिती लवकर कळते. मात्र ही जोडणी घाईने केल्यास नुकसान शेवटी शेतकऱ्याच्याच खात्यात जमा होते. म्हणून जोडणीपूर्वी माहितीची संरचना व देवाणघेवाणीचे एंडपॉइंट कसे ठरवावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकतज्ज्ञ नसलेल्या विस्तार कार्यकर्त्याला आणि कंपनीच्या संचालक शेतकऱ्याला तंत्रज्ञासमोर बसून योग्य प्रश्न विचारता यावेत, हा त्यामागील हेतू आहे.

एका शब्दाची किंमत

उदाहरणादाखल एक खेप विचारात घेऊ. सांगोला परिसरातील एका कंपनीने ५०० क्रेट डाळिंब कोलकात्यास पाठविले. प्रत्येक क्रेटमध्ये २० किलो फळ असून रिकाम्या क्रेटचे वजन २ किलो आहे. कंपनीच्या प्रणालीत ‘वजन’ या रकान्यात क्रेटसह वजन, म्हणजे ११,००० किलो, नोंदविण्याची रीत आहे. कोलकात्यातील प्रणालीत ‘वजन’ याच नावाच्या रकान्याचा अर्थ निव्वळ फळाचे वजन असा आहे. जोडणी करणाऱ्याने एक ‘वजन’ दुसऱ्या ‘वजना’ला जोडले आणि काम पूर्ण झाल्याचे कळविले.

माल उतरल्यावर तेथे फळाचे निव्वळ वजन १०,००० किलो भरले. प्रणालीने ११,००० मधून १०,००० वजा करून १,००० किलो तूट नोंदविली. दर प्रतिकिलो १०० रुपये धरल्यास बिल १० लाख रुपयांचे होते. त्यातून १ लाख रुपयांची तूट आपोआप कापली गेली आणि ९ लाख रुपयेच जमा झाले. या प्रकारात कोणी चोरी केली नाही, काटा खोटा नव्हता, दोन्ही सॉफ्टवेअरही बिनचूक चालले. चूक राहिली ती एका शब्दाचा अर्थ ठरविण्यात. आणि ती ज्यांनी पाहिलीही नाही अशा शेतकऱ्यांच्या पैशांतून भरून निघाली.

कोलकात्यातील जुना धडा

मोजण्यापूर्वी व्याख्या ठरवावी, हा धडा कृषी सांख्यिकीने संगणक येण्याच्या कितीतरी आधी घेतला होता, आणि त्याचे एक केंद्र कोलकाता हेच होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये तेथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. याच संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यास भारतातील पहिला अंकीय संगणक आला. म्हणजे माहिती गोळा करण्याची शिस्त यंत्राच्या सुमारे दोन दशके आधीची आहे.

पीक उत्पादनाचा अंदाज काढण्यासाठी शेतातील किती मोठा तुकडा कापावा, हा त्या काळातील महत्त्वाचा वाद होता. महालनोबिस लहान आकाराच्या तुकड्यांच्या बाजूचे होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत कार्यरत असलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले की, फार लहान तुकड्यांमुळे उत्पादनाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. कारण साधे आहे. सीमारेषेवरील झाड आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. आणि तुकडा जितका लहान, तितका त्याच्या सीमेचा वाटा मोठा. १ मीटर लांब व १ मीटर रुंद तुकड्यात प्रत्येक चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा येते. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकड्यात ती केवळ ०.६ मीटर असते.

पीक कापणी प्रयोगात भाग घेतलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला दोरी, खुंट्या व तुकड्याचे ठरलेले माप परिचित आहे. ‘उत्पादन’ या एका शब्दामागे तुकड्याचा आकार, सीमेवरील झाडांचा नियम आणि ओलावा इतक्या गोष्टी ठरवाव्या लागतात. दोन प्रणाली जोडतानाही प्रत्येक रकान्यामागे असाच नियम लेखी असला पाहिजे.

माहितीसंरचनेची आखणी

माहितीसंरचना म्हणजे कोणती माहिती, कोणत्या रकान्यात, कोणत्या स्वरूपात आणि परस्परांशी कोणत्या नात्याने ठेवायची याचा आराखडा. तो ठरविताना पुढील सहा बाबींचा विचार करावा.

१. मूळ नोंद व तपशील नोंदी. एका खेपेत अनेक शेतकऱ्यांचा माल असतो आणि एका शेतकऱ्याचे एकापेक्षा अधिक लॉट असतात. काही ठिकाणी ‘शेतकरी १’, ‘शेतकरी २’, ‘शेतकरी ३’ असे रकाने आडवे वाढवत नेले जातात. अकरावा शेतकरी आला की तक्ता अपुरा पडतो. त्याऐवजी खेपेची एक मूळ नोंद असावी व तिच्याखाली प्रत्येक लॉटची स्वतंत्र तपशील नोंद असावी. मूळ नोंदीत खेप क्रमांक, रवानगीची वेळ, वाहन व एकूण क्रेट. तपशील नोंदीत लॉट क्रमांक, शेतकऱ्याची ओळख, प्रत, क्रेटसंख्या व निव्वळ वजन अशी विभागणी ठेवावी. कोलकात्यात एखादा लॉट नाकारला गेला तर तो नेमका कोणाच्या बागेतील होता, हे यामुळे सांगता येते आणि एकाच्या फळाचा भुर्दंड सर्वांवर पडत नाही.

२. ओळख नावावर न ठेवता संकेतांकावर ठेवावी. नावे बदलतात. कलकत्ता २००१ मध्ये अधिकृतपणे कोलकाता झाले. महाराष्ट्रात औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पिंपळगाव नावाची गावे तर अनेक जिल्ह्यांत आढळतात. म्हणून गावासाठी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गाव संकेतांक आणि शेतकऱ्यासाठी कंपनीचा सभासद क्रमांक किंवा अ‍ॅग्रिस्टॅकमधील शेतकरी ओळख क्रमांक हा आधार मानावा. नाव केवळ वाचण्यासाठी सोबत असावे. मराठी नावे पाठविताना मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेले नाव दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांच्या रूपात उमटते.

३. संकेतांक हा मजकूर आहे, संख्या नव्हे. कांद्याचा एचएसएन संकेतांक ०७०३ ने व ताज्या डाळिंबाचा ०८१० ने सुरू होतो. हे रकाने संख्या म्हणून साठविले तर आरंभीचे शून्य गळून ७०३ व ८१० उरतात आणि समोरची प्रणाली नोंद नाकारते. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते, ते सर्व मजकूर म्हणून साठवावेत, हा सोपा नियम होय. लांबीची तपासणीही लावावी : जीएसटी क्रमांक १५ वर्णांचा असतो व त्याचे पहिले दोन अंक राज्य दर्शवितात, महाराष्ट्रासाठी २७ आणि पश्चिम बंगालसाठी १९. बँकेचा आयएफएससी ११ वर्णांचा असून त्यातील पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो. तेथे इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर पडल्यास देयक अडकते.

४. मोजमापाचे एकक रकान्याच्या नावातच असावे. ‘वजन’ असे न लिहिता ‘निव्वळ वजन किलो’ व ‘क्रेटसह वजन किलो’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. क्षेत्राच्या बाबतीत घोळ अधिक गंभीर होतो. ‘१.२०’ या नोंदीचा अर्थ १ हेक्टर २० आर असू शकतो. तोंडी व्यवहारात तीच नोंद १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर किंवा सुमारे ०.६१ हेक्टर, ठरते. आणि दशांश एकर मानल्यास सुमारे ०.४९ हेक्टर. बंगालमध्ये बिघा व काठा प्रचलित आहेत. तेथील बिघा एकराच्या सुमारे एकतृतीयांश असतो, तर इतर राज्यांतील बिघ्याचे माप वेगळे आहे. म्हणून देवाणघेवाणीत क्षेत्र केवळ हेक्टरमध्ये, दशांश पद्धतीने पाठवावे. पडद्यावर दाखविताना स्थानिक एकक वापरण्यास हरकत नाही.

५. दिनांक व वेळ. ‘०३/०४/२०२५’ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे यंत्राला कळत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ‘२०२५-०४-०३’ असे लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात स्वीकारावा. वेळेसोबत ती भारतीय प्रमाणवेळ असल्याचा उल्लेख असावा, कारण अनेक सर्व्हर जागतिक समन्वित वेळेनुसार चालतात आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. रात्री १२ ते पहाटे ५.३० या काळात भरलेला माल अशा सर्व्हरवर आदल्या दिवशीचा दिसतो. संगणकविश्वातील वेळविभागांच्या यादीत भारताच्या वेळेचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे. पूर्वी ते ‘एशिया/कलकत्ता’ होते. नाव बदलल्यावरही जुने नाव पर्यायी म्हणून राखून ठेवल्याने जुन्या प्रणाली बंद पडल्या नाहीत. आपल्या संरचनेत रकान्याचे नाव बदलावे लागले तर हाच मार्ग अनुसरावा : नवे नाव सुरू करावे आणि सर्वांनी ते स्वीकारेपर्यंत जुनेही चालू ठेवावे.

६. प्रतवारीचा जुळणी तक्ता. आपल्याकडे डाळिंबाला सुपर, किंग, क्वीन, प्रिन्स, बारा-ए व बारा-बी अशा श्रेणी रूढ आहेत. घेणाऱ्याच्या यादीतील श्रेणी पेटीतील फळांच्या संख्येवर आधारलेल्या असतील, तर केवळ नावावरून जुळणी होणार नाही. प्रत्येक श्रेणीसाठी फळाच्या वजनाची ग्रॅममधील किमान व कमाल मर्यादा लिहून दोन्ही बाजूंनी मान्य केलेला तक्ता करावा. तक्त्यात नसलेली श्रेणी आली तर प्रणालीने नोंद थांबवून विचारणा करावी. ती परस्पर खालच्या श्रेणीत टाकू नये.

एंडपॉइंट म्हणजे कार्यालयातील खिडकी

तहसील कार्यालयात प्रत्येक खिडकीचे काम ठरलेले असते. एका खिडकीवर उतारा मिळतो, दुसरीवर अर्ज स्वीकारला जातो. चुकीच्या खिडकीवर गेलेला अर्ज परत येतो. संगणकप्रणालीतील एंडपॉइंट ही अशीच एक खिडकी होय. तिला ठरावीक पत्ता असतो, ती ठरावीक स्वरूपातील कागद स्वीकारते आणि ठरावीक स्वरूपातच उत्तर देते. अशा खिडक्यांच्या समूहाला व त्यांच्या नियमांना एपीआय असे म्हणतात.

वर दिलेल्या खेपेसाठी चार एंडपॉइंट पुरेसे आहेत. पहिला रवानगीचा : कंपनी खेपेची मूळ नोंद व तपशील नोंदी पाठविते. दुसरा पोच देण्याचा : माल उतरल्यावर खरेदीदार प्रत्येक लॉटचे स्वीकृत वजन कळवितो. तिसरा तफावतीचा : तूट, सड किंवा प्रतीतील बदल कारणासह नोंदविला जातो. चौथा देयक स्थितीचा : कंपनी खेप क्रमांक देऊन रक्कम मंजूर, अंशतः मंजूर की प्रलंबित आहे, हे विचारते. यांपैकी चौथा एंडपॉइंट केवळ माहिती वाचण्याचा असल्याने त्यास ‘गेट’ ही विनंती वापरतात. नवी नोंद निर्माण करणाऱ्या पहिल्या तिघांस ‘पोस्ट’ वापरतात. तफावतीसाठी स्वतंत्र खिडकी असण्याचे महत्त्व विशेष आहे. ती नसेल तर तूट थेट देयकातून वजा होते आणि शेतकऱ्याला आक्षेप घेण्याची संधीच उरत नाही. तफावत नोंदविल्यानंतर कंपनीने ठरावीक मुदतीत मान्यता किंवा हरकत कळवावी, व तोपर्यंत कपात होऊ नये, अशी अट करारातच घालावी.

प्रत्येक उत्तरासोबत एक स्थिती क्रमांक येतो. २०० किंवा २०१ म्हणजे विनंती स्वीकारली गेली. ४०० ते ४९९ या गटातील क्रमांक पाठविणाऱ्याची चूक दर्शवितात : ४०० म्हणजे नोंदीचे स्वरूप चुकले, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेली नोंद किंवा पत्ता सापडला नाही. अशी विनंती दुरुस्त केल्याखेरीज पुन्हा पाठवून उपयोग नसतो. ५०० व त्यापुढील क्रमांक घेणाऱ्याच्या सर्व्हरमधील अडचण सांगतात. तेथे थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. एवढा भेद कार्यकर्त्याच्या ध्यानी राहिला तरी ‘सर्व्हर डाउन आहे’ या सर्वत्र लागू पडणाऱ्या उत्तरावर विसंबावे लागत नाही.

दुहेरी नोंदीचा धोका

यूपीआयने पैसे देताना मध्येच नेटवर्क गेले, तर व्यवहार झाला की नाही या संभ्रमात माणूस पुन्हा पैसे पाठवितो. प्रणालींमध्येही असेच घडते. रवानगीची नोंद कोलकात्यास पोहोचते, पण पोचपावती परत येण्याआधी जोडणी तुटते. सांगोल्याची प्रणाली ती नोंद पुन्हा पाठविते आणि एका खेपेच्या दोन होतात. यावरील उपाय असा की, प्रत्येक खेपेला पाठविणाऱ्यानेच कधीही पुनरावृत्त न होणारा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक व तीच माहिती पुन्हा आल्यास घेणाऱ्या प्रणालीने नवी नोंद न करता आधीचीच पोचपावती परत द्यावी. क्रमांक तोच पण माहिती वेगळी असल्यास नोंद थांबवून विचारणा करावी. विनंती कितीही वेळा आली तरी परिणाम एकच, ही कसोटी जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाकडून प्रात्यक्षिकासह तपासून घ्यावी.

आवश्यक तेवढीच माहिती

एंडपॉइंट वापरण्याची परवानगी टोकनद्वारे मिळते. टोकन ही गोदामाची किल्ली समजावी : ते व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवू नये, ठरावीक काळाने बदलावे आणि कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास तत्काळ रद्द करावे. कोलकात्यातील खरेदीदाराला लॉट कोठून आला हे कळणे आवश्यक आहे. शेतकऱ्याचा आधार क्रमांक वा बँक खाते कळण्याची गरज नाही, कारण रक्कम कंपनीच्या खात्यात जमा होते व तिचे वाटप कंपनी करते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. ‘असू द्यावे, पुढे उपयोगी पडेल’ अशा विचाराने जादा रकाने पाठविण्याची सवय सोडणे कायद्याच्या व सभासदांच्या विश्वासाच्या दृष्टीने हिताचे आहे.

चाचणी आणि दुहेरी पडताळणी

महालनोबिस यांच्या पाहणीपद्धतीचा आणखी एक विशेष येथे उपयोगी पडतो. त्यांनी एकाच प्रदेशातील नमुना परस्परांत गुंफलेल्या स्वतंत्र उपनमुन्यांत विभागून त्यांची पाहणी वेगवेगळ्या पथकांवर सोपविली. दोन्ही पथकांचे निष्कर्ष जवळपास जुळले तर विश्वास ठेवावा, फार अंतर पडले तर मोजणीतच दोष शोधावा, असा त्यामागील विचार होता. एका पथकाच्या आकड्यांवर आंधळा विश्वास त्यांनी टाकला नाही.

प्रणालींची जोडणी सुरू झाल्यावर हीच दक्षता घ्यावी. प्रथम चाचणीच्या स्वतंत्र सर्व्हरवर मुद्दाम चुकीच्या नोंदी पाठवून पाहाव्यात : ऋण वजन, रिकामा लॉट क्रमांक, यादीत नसलेली श्रेणी, उद्याची तारीख. त्या नाकारल्या गेल्या तरच पुढे जावे. त्यानंतर निदान पहिल्या दहा खेपांसाठी कागदी नोंदवही बंद करू नये. प्रत्येक रात्री दोन्ही प्रणालींतून स्वतंत्रपणे तीन बेरजा काढाव्यात : खेपांची संख्या, एकूण निव्वळ वजन आणि एकूण रक्कम. तिन्ही जुळल्या तर दिवस बंद करावा. एकही न जुळल्यास दुसऱ्या दिवशीची रवानगी नोंदविण्यापूर्वी कारण शोधावे. आरंभीच्या उदाहरणातील १,००० किलोंचा फरक अशा ताळ्यात पहिल्याच रात्री उघड झाला असता आणि १ लाख रुपयांची कपात होण्याआधीच थांबली असती.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या तंत्रज्ञाला ‘गुंठा’, ‘क्वीन’ किंवा ‘सड’ यांचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. शेतकऱ्याला ‘एंडपॉइंट’ ठाऊक नसतो. दोघांच्या मध्ये उभा राहू शकणारा माणूस म्हणजे विस्तार कार्यकर्ता होय. त्याने कंपनीच्या संचालकांसह बसून एक साधा तक्ता करावा. त्यात प्रत्येक रकान्यापुढे पाच गोष्टी असाव्यात : रकान्याचे नाव, एका वाक्यात अर्थ, एकक, एक खरे उदाहरण, आणि ती माहिती कोण व कोणत्या वेळी भरतो. दोन्ही बाजूंनी त्यावर स्वाक्षरी केल्यानंतरच जोडणीचे काम तंत्रज्ञाकडे सोपवावे. या तक्त्याची मराठी प्रत संकलन केंद्रावर, काट्याशेजारी लावावी. वजन घेणाऱ्याला आणि माल आणणाऱ्या शेतकऱ्याला, आज काट्यावर दिसणारा आकडा कोलकात्यात कोणत्या अर्थाने वाचला जाणार आहे, हे तेथेच उभे राहून कळले पाहिजे.